श्रवणयंत्र केंद्राची नोंदणी, दफ्तर आणि तपासणी : कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

श्रवणयंत्र केंद्र चालवणारे बरेच जण एका कागदावर दुसऱ्या कागदाचे काम भागवायला जातात आणि तपासणीच्या दिवशी अडचणीत येतात. भिंतीवर ऑडिओलॉजिस्टचे (श्रवणतज्ज्ञाचे) भारतीय पुनर्वास परिषदेचे, म्हणजे अशा व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचे, प्रमाणपत्र लावलेले असते, म्हणून यंत्रे विकायलाही तेवढे पुरे आहे असे धरले जाते. कुठे याच्या उलट घडते : अन्न व औषध प्रशासनाकडून विक्रीची नोंदणी मिळालेली असते, म्हणून काउंटरवरचा मदतनीस हेडफोन चढवून कान तपासू लागतो. तपासणारा माणूस, विक्रीची जागा आणि विकले जाणारे यंत्र या तिन्हींचे कागद वेगळे आहेत, त्यांची कार्यालये वेगळी आहेत आणि त्यांच्या मुदतीही वेगवेगळ्या दिवशी संपतात. खालचा क्रम महाराष्ट्रातील छोटे केंद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मूळ कायदे केंद्राचे असल्यामुळे गोव्यातही तो लागू पडतो. तिथे विक्रीनोंदणीचा अर्ज गोव्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे जातो.

१. कोणते काम कोण करणार, ते आधी कागदावर उतरवा

अर्ज भरायला बसण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर केंद्रात होणारी सगळी कामे लिहावीत : कानात दुर्बिणीने पाहणे, श्रवणचाचणी घेणे, कानाचा साचा (कानाच्या आकाराचा ठसा) घेणे, यंत्र निवडून संगणकावर बसवून देणे, विक्री करणे, बिल फाडणे, दुरुस्तीसाठी यंत्र पाठवणे. प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्याचे नाव, त्याची पात्रता आणि तो कोणत्या वारी, किती वाजता केंद्रात असतो, हे लिहावे. या एका कागदाने पुढचे अर्धे गोंधळ टळतात. ऑडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनच दिवस येत असतील आणि चाचण्या मात्र सहाही दिवस होत असतील, तर उरलेल्या चार दिवसांत चाचणी कोण घेतो, हा प्रश्न इथेच समोर येतो आणि तो इथेच सोडवायला हवा.

तपासून पाहा : चाचणी, साचा आणि यंत्र बसवणे या तीन कामांसमोर ज्यांची नावे आहेत, त्या प्रत्येकाकडे पुनर्वास परिषदेचा चालू नोंदणी क्रमांक आहे का? त्यांच्यापैकी एकाकडे जरी तो नसला, तरी पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

२. माणसाची नोंदणी : पुनर्वास परिषद

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ या कायद्याच्या व्याख्येत ऑडिओलॉजिस्ट व वाचा-उपचारतज्ज्ञ येतात, तसेच श्रवणयंत्र व कानाचे साचे तयार करणारे तंत्रज्ञही येतात. कलम १३ नुसार केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय भारतात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही. उल्लंघन झाल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते, म्हणून पुष्कळ जण हे कलम मनावर घेत नाहीत. त्याच कलमात कैदही आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटते.

नोंदणीचा आधार मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हाच असतो. ऑडिओलॉजी व वाचा-भाषा उपचार या विषयातील चार वर्षांची पदवी, ज्यात एक वर्षाची इंटर्नशिप धरलेली आहे, किंवा परिषदेने मान्य केलेली पदविका लागते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेतून बाहेर पडलेले बरेच जण राज्यभर काम करतात. तिथले असोत वा दुसऱ्या महाविद्यालयातले, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका हाती आली म्हणजे नोंदणी झाली असे होत नाही. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत नव्या उमेदवाराने नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीखालीच काम करावे आणि अहवालावर एकट्याने सही करू नये. यंत्रकंपनीने तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर दिलेले प्रमाणपत्र त्या कंपनीचे संगणकीय सॉफ्टवेअर चालवता येते, एवढेच सांगते; व्यवसायाच्या नोंदणीशी त्याचा संबंध नाही.

नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या सतत पुनर्वसन शिक्षण कार्यक्रमांचे गुण जमवावे लागतात. हे गुण शेवटच्या सहा महिन्यांत एकदम गोळा करता येतील, असा हिशेब बहुतेक वेळा फसतो. दरवर्षी थोडे थोडे गुण घ्यावेत आणि प्रत्येक कार्यक्रमाचे प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिवशीच फाइलमध्ये लावावे.

इशारा : संपलेल्या मुदतीच्या प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर तशीच राहू देऊ नये. नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल तर त्याची पोचपावती शेजारी लावावी.

३. जागेची नोंदणी : एमडी-४१ चा अर्ज, एमडी-४२ चे प्रमाणपत्र

केंद्र सरकारच्या ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कक्षेत आली, आणि श्रवणयंत्रेही त्यात आली. त्यानंतर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये ३० सप्टेंबर २०२२ रोजी दुरुस्ती होऊन विक्रेत्यासाठी स्वतंत्र नोंदणी आली. ‘आम्ही वीस वर्षांपासून विकतो आहोत’ हे उत्तर तेव्हापासून चालत नाही. अर्ज एमडी-४१ नमुन्यात राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, ऑनलाइन करायचा असतो. मंजुरी मिळाली की एमडी-४२ नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्र मिळते. शुल्क तीन हजार रुपये आहे.

अर्ज उघडण्यापूर्वी पुढील कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवावेत : संस्थेच्या घटनेचा पुरावा, म्हणजे मालकीहक्काची संस्था असल्यास त्याचा दाखला आणि भागीदारी असल्यास भागीदारीपत्र, जागेच्या मालकीचा पुरावा किंवा भाडेकरार, मालकाचे ओळखपत्र, सक्षम तांत्रिक व्यक्तीचा तपशील, त्याच जागेत चालणाऱ्या इतर कामांचे थोडक्यात वर्णन, साठवणुकीच्या अटी पाळण्याचे हमीपत्र, आणि चांगल्या वितरण पद्धती पाळत असल्याचे स्वयंप्रमाणपत्र.

सक्षम तांत्रिक व्यक्ती म्हणजे ऑडिओलॉजिस्टच, असा समज आहे. विक्रीच्या देखरेखीसाठी नियमाने पदवीधर, नोंदणीकृत औषधनिर्माता, किंवा बारावी उत्तीर्ण व वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेली व्यक्ती मान्य केली आहे. त्यामुळे विक्रीची जबाबदारी एकाकडे आणि चाचणीची दुसऱ्याकडे देता येते, आणि लहान केंद्रांना ही सोय फार उपयोगी पडते. मात्र ज्याचे नाव अर्जात दिले आहे, तो माणूस खरोखर तिथे काम करत असला पाहिजे. मित्राचे पदवी प्रमाणपत्र जोडून त्याला कधीच केंद्रात न आणणे हा प्रकार तपासणीत पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो, कारण हजेरीपुस्तकात त्याचे नाव नसते.

अर्ज रखडण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे असते : पत्ता जुळत नाही. भाडेकरारात ‘दुकान क्र. ४, तळमजला’, वीजबिलावर ‘गाळा क्र. ४ अ’, आणि अर्जात इमारतीचे नुसते नाव. तिन्ही ठिकाणी पत्ता अक्षरशः सारखा असावा. नसेल तर आधी भाडेकरार दुरुस्त करून घ्यावा आणि मगच अर्ज भरावा. दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचना किंवा नोंदणी आणि वस्तू व सेवा कराची नोंदणी यांवरही तोच पत्ता हवा.

तपासून पाहा : दुसऱ्या गावात शाखा असेल तर तिच्या जागेसाठी वेगळे प्रमाणपत्र घेतले आहे का? एका पत्त्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या पत्त्याला चालत नाही.

प्रमाणपत्र आले की ते येणाऱ्याला सहज दिसेल अशा ठिकाणी लावावे, कपाटात ठेवू नये. ते निर्धास्तपणे विसरून जाण्यासारखेही नसते : दर पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ते चालू ठेवण्याचे शुल्क भरावे लागते. उशीर झाल्यास दरमहा दोन टक्के विलंबशुल्क पडते आणि १८० दिवसांतही रक्कम भरली नाही, तर नोंदणी रद्द झाली असे मानले जाते.

४. माल आत येताना

श्रवणयंत्र फक्त परवानाधारक उत्पादक, आयातदार किंवा नोंदणीकृत विक्रेता यांच्याकडूनच विकत घ्यावे. पुरवठादाराकडून पहिल्या खरेदीआधीच त्याच्या परवान्याची किंवा नोंदणीची प्रत मागून घ्यावी. आयात केलेल्या यंत्रासाठी आयातदाराकडे एमडी-१५ नमुन्यातील परवाना असतो. देशात बनणाऱ्या यंत्रासाठी उत्पादकाचा परवाना त्या उपकरणाच्या वर्गाप्रमाणे (जोखमीनुसार ठरलेल्या गटाप्रमाणे) असतो. प्रत देण्यास टाळाटाळ करणाऱ्या पुरवठादाराकडून माल घेऊ नये, तो कितीही स्वस्त देत असला तरी.

खोके आले की बिल व खोके शेजारी ठेवून लेबल वाचावे. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, अनुक्रमांक आणि उत्पादनाची तारीख ही माहिती लेबलवर हवी. आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि त्याच्या परवान्याचा क्रमांकही हवा. यापलीकडे वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. हे पाहायला दुसऱ्याच खात्याचा निरीक्षक येऊ शकतो. छापलेल्या किमतीवर हाताने नवा कागद चिकटवणे पूर्णपणे टाळावे.

५. साठा नोंदवही : एका यंत्राचा माग

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. वही कशी आखावी यावर लोक खूप वेळ घालवतात. खरा निकष मात्र एकच आहे. कपाटातले कोणतेही एक यंत्र उचलले, तर ते कोणत्या बिलाने आले हे सांगता यावे. आणि विकल्या गेलेल्या कोणत्याही यंत्राचा अनुक्रमांक विचारला, तर ते कोणाच्या, कोणत्या कानाला, कोणत्या तारखेला दिले हे दोन मिनिटांत दाखवता यावे.

यासाठी एका यंत्राला एक ओळ द्यावी. ‘अमुक मॉडेल, नग ६’ अशी एकत्रित नोंद करू नये. ओळीत आवक तारीख, पुरवठादार व बिल क्रमांक, मॉडेल, अनुक्रमांक, उत्पादनाची तारीख, विक्रीची तारीख, आपल्या बिलाचा क्रमांक, रुग्णाचा फाइल क्रमांक आणि कान डावा की उजवा, एवढे रकाने पुरतात. कानामागच्या यंत्रावर अनुक्रमांक बहुधा बॅटरीच्या झाकणाच्या आत किंवा आवरणाच्या खालच्या बाजूला असतो आणि इतका बारीक असतो की भिंगाशिवाय ३ आणि ८ यांत फरक कळत नाही. तो खोक्यावरून उतरवून घेण्यावर समाधान मानू नये. भिंग घेऊन यंत्रावरचा क्रमांक वाचावा, खोक्यावरच्याशी जुळवावा आणि मगच लिहावा. जोडीच्या खोक्यांत डाव्या-उजव्या यंत्रांची अदलाबदल झालेली असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. लाल खूण उजव्या कानाची आणि निळी डाव्याची, हे पाहून नोंद करावी. स्वतंत्र रिसीव्हर (कानात आवाज सोडणारा छोटा भाग) असलेल्या यंत्रात रिसीव्हरला आणि चार्जिंगच्या यंत्रात चार्जरलाही वेगळा क्रमांक असू शकतो. तोही त्याच ओळीत लिहावा.

आता नेमकी अडचण कुठे येते ते सांगतो. हमीच्या काळात यंत्र बंद पडते, आपण ते कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी दुरुस्त करण्याऐवजी ते बदलून देते. परत आलेल्या यंत्राचा क्रमांक वेगळा असतो. रुग्ण घाईत असतो, आपण यंत्र कानाला लावून देतो आणि वहीत जुनाच क्रमांक राहतो. आमच्या केंद्रात एका आजोबांच्या यंत्राबाबत असेच घडले. वहीप्रमाणे त्यांच्याकडे जे यंत्र असायला हवे होते, ते कंपनीच्या यादीत ‘परत आलेले’ म्हणून दिसत होते, आणि त्यांच्या कानातल्या यंत्राची आमच्याकडे एकही नोंद नव्हती. हमीचा दावा नाकारला गेला तेव्हा ते लक्षात आले, आणि त्यात आजोबांचा तीन आठवडे खोळंबा झाला. तेव्हापासून दुरुस्तीची वही वेगळी ठेवतो. तिच्यात गेलेला क्रमांक आणि आलेला क्रमांक हे दोन शेजारशेजारचे रकाने आहेत, आणि दुसरा रकाना भरून मूळ ओळीत बदल केल्याशिवाय यंत्र रुग्णाच्या हाती जात नाही.

वापरून पाहण्यासाठी दिलेली यंत्रेही विक्रीच्या साठ्यात मिसळू नयेत. त्यांचे कप्पे वेगळे असावेत, प्रत्येकावर ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी असावी आणि कोणाला किती दिवसांसाठी दिले याची सहीसह नोंद असावी.

इशारा : बॅटरीची पाकिटे आलटूनपालटून पुढे आणावीत. झिंक-एअर बॅटरीवर मुदत छापलेली असते, आणि मुदत संपलेले पाकीट काउंटरवर सापडणे ही तपासणीतली सगळ्यांत सोपी पकड आहे. बॅटऱ्या कोरड्या जागी, सामान्य तापमानाला ठेवाव्यात; शीतकपाटात ठेवू नयेत, कारण बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते.

बिलाबाबत एवढेच : श्रवणयंत्राला वस्तू व सेवा कर लागत नाही, बॅटरीला लागतो, म्हणून दोन्हींच्या ओळी स्वतंत्र असाव्यात. यंत्राच्या ओळीत मॉडेलच्या नावापुढे अनुक्रमांक छापलेला हवा.

६. रुग्णाची फाइल

फाइलमध्ये क्रमाने हे असावे : तक्रारीचा इतिहास, कानाच्या आतील पाहणीची नोंद, दोन्ही कानांचा श्रवणआलेख (श्रवणचाचणीच्या निकालाची आकृती), डॉक्टरांकडे पाठवले असल्यास ती चिठ्ठी, यंत्र निवडण्याचे कारण, यंत्र बसवल्याच्या दिवशीचे संगणकीय पान, यंत्र लावून घेतलेल्या मोजणीचा निकाल आणि पुढच्या भेटींच्या नोंदी. श्रवणआलेखावर तारीख, चाचणी घेणाऱ्याचे नाव, सही आणि पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक नसेल, तर तो निव्वळ एक आकृती उरतो. उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवावा; हाडामार्गे (कानामागच्या हाडावर कंपक ठेवून) घेतलेली मोजणी आणि मास्किंग (चाचणी नसलेल्या कानात आवाज सोडून तो झाकणे) केले की नाही, हेही त्याच पानावर स्पष्ट दिसावे.

कानातून पू येणे, अलीकडे अचानक ऐकू येईनासे होणे, चक्कर, एकाच कानात सतत आवाज येणे, दोन कानांच्या आलेखांत मोठा फरक, किंवा हवेमार्गे आणि हाडामार्गे घेतलेल्या मोजणीत ठळक अंतर दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास यंत्राचे बोलणे थांबवून रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे आणि पाठवल्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार किती लवकर सुरू होतात याला फार महत्त्व असते, म्हणून अशा रुग्णाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगणे ही माझ्या मते या व्यवसायातली सर्वांत गंभीर चूक आहे.

साचा घेताना दोरा बांधलेला बोळा पडद्यापासून सुरक्षित अंतरावर नीट बसला आहे, हे पाहिल्याची आणि साचा काढल्यावर कान पुन्हा तपासल्याची एक-एक ओळ फाइलमध्ये असावी. ही ओळ बहुतेक फाइलींत नसते.

दिव्यांगत्वाचा दाखला देणे हे केंद्राचे काम नाही. तो शासनाने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडूनच मिळतो, आणि ‘दाखला काढून देऊ’ असे फलक लावणे धोक्याचे आहे.

फाइली किती वर्षे ठेवायच्या, हे सगळ्यांत लांब मुदतीवरून ठरवावे. वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते. सगळे दफ्तर आठ वर्षे ठेवले तर दोन्ही मुदती आत बसतात. लहान मुलांच्या फाइली ती मुले सज्ञान होईपर्यंत तरी काढू नयेत.

७. चाचणीचे यंत्र आणि खोली

ऑडिओमीटरचे, म्हणजे श्रवणचाचणीच्या यंत्राचे, कॅलिब्रेशन (मोजणीची अचूकता पडताळून जुळवणे) वर्षातून एकदा करून घ्यावे आणि त्याचे प्रमाणपत्र यंत्राच्या अनुक्रमांकासह फाइलला लावावे. हेडफोन बदलला की वर्ष उलटण्याची वाट न पाहता पुन्हा कॅलिब्रेशन करावे, कारण ते यंत्र व हेडफोन यांच्या जोडीचे असते. रोज सकाळी स्वतःच्या कानाने ऐकून पाहण्याची तपासणी करावी आणि वहीत तारीख, सही लिहावी. पंखा, वातानुकूलन यंत्र आणि रस्त्याचा आवाज खोलीत ऐकू येत असेल, तर कमी वारंवारतेची मोजणी बिघडते आणि श्रवणआलेख प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसतो. त्यावरून बसवलेले यंत्र रुग्णाला घुमल्यासारखे वाटते आणि ते खणात पडून राहते.

८. तपासणीचा दिवस

विक्रीनोंदणी असलेल्याने एमडी-४३ नमुन्यातील तपासणी पुस्तिका ठेवायची असते. तिच्यात अधिकारी आपली निरीक्षणे आणि आढळलेले दोष लिहितात. ती पुस्तिका, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रे, पुरवठादारांच्या परवान्यांच्या प्रती, खरेदी बिले, साठा नोंदवही, दुरुस्तीची वही आणि कॅलिब्रेशनची फाइल एकाच कप्प्यात असावी, आणि त्या कप्प्याची चावी कोणाकडे आहे हे केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. मालक बाहेरगावी गेले आणि चावी त्यांच्याचकडे राहिली, असे फार ठिकाणी होते.

अधिकारी आल्यावर नम्रपणे ओळखपत्र पाहून घ्यावे आणि त्याची नोंद करावी. विचारलेला कागद द्यावा. जो नाही तो नाही, असे स्पष्ट सांगावे. माल कोणाकडून घेतला हे विचारल्यास सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. कागद किंवा माल ताब्यात घेतला गेला तर त्याची पावती घ्यावी. शेरा लिहून झाल्यावर तो पूर्ण वाचावा, न समजलेला शब्द विचारावा आणि त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे.

इशारा : अधिकारी बाहेर बसलेले असताना आतल्या खोलीत रिकाम्या ओळी भरू नयेत. राहिलेली नोंद ही त्रुटी असते आणि तिची पूर्तता करता येते. मागची तारीख टाकून भरलेली नोंद बनावट ठरते. तपासणीत जाणूनबुजून अडथळा आणल्यास १९४० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

९. शेरा मिळाल्यानंतर, आणि जागा बदलताना

पूर्तता अहवाल दिलेल्या मुदतीच्या आत लेखी द्यावा. प्रत्येक शेऱ्याला त्याच क्रमांकाने उत्तर द्यावे, काय केले ते एका वाक्यात लिहावे आणि पुरावा जोडावा : नव्या कप्प्याचे छायाचित्र, दुरुस्त केलेल्या पानाची प्रत, भरलेल्या शुल्काची पावती. ‘यापुढे काळजी घेऊ’ एवढेच लिहिलेले उत्तर अपुरे ठरते. पोचशिक्का मारलेली प्रत तपासणी पुस्तिकेच्या त्याच पानाला टाचावी.

जागा बदलायची ठरली तर नव्या पत्त्याचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तिथे एकही यंत्र विकू किंवा साठवू नये. सामान हलवण्याच्या घाईत हा नियम सर्वांत आधी मोडतो. केंद्र कायमचे बंद करायचे असेल, तर दुरुस्तीच्या वहीतली यंत्रे आधी पाहावीत. कंपनीकडे गेलेले प्रत्येक यंत्र परत येऊन रुग्णाच्या हाती पोचेपर्यंत दूरध्वनी चालू ठेवावा आणि ज्या रुग्णांची हमी शिल्लक आहे, त्यांना बिलाची प्रत व श्रवणआलेख देऊन त्या कंपनीच्या जवळच्या नोंदणीकृत केंद्राचा पत्ता लेखी कळवावा.